परदेशी मीठ

विटा, २९ ऑक्टोबर १९७३

सुभेदारसाहेबांस,

सुखरूप पोहोचले. एवढंच कळवायचं होतं, पण अंतर्देशीय पत्र निम्मं कोरं सोडायला जीव होत नाही, म्हणून पुढं लिहिते. म्हशीला सरकी भिजवून घालत जा. कोरडी घातलीत तर ती लाथ मारेल, आधीच सांगून ठेवते. लोणच्याची बरणी फडताळात मागच्या बाजूला आहे. मिठाची बरणी कुठं असते ते तुम्हाला सांगायला नको.

काल भाऊबिजेला हंबीरदादा मला न्यायला आला तेव्हा तुम्ही ओसरीवर पेपर वाचत बसला होता. पेपर उलटा होता. दादा ‘येतो दाजी’ म्हणाला तरी तुमचं तोंड काही पेपरातून वर आलं नाही. पलूसचे व्याही आणि विहीणबाई सकाळच्याच गाडीनं गेले होते हे आपलं नशीब.

पाडव्याला जे झालं ते तुम्ही चार लोकांत तुमच्या सोयीनं सांगाल, म्हणून माझ्या बाजूचं मी लिहून ठेवते. मिलिटरी दवाखान्याच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी तुम्हाला मीठ कमी करायला सांगितलं. तेव्हापासून मी हात आखडून मीठ घालते. पाडव्याला लेकीचे सासू-सासरे आपल्याकडं पहिल्यांदा पानावर बसलेले. मी पहाटेपासून चुलीपुढं. तुम्ही कटाच्या आमटीचा पहिला भुरका मारलात आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, ‘मीठोऽ!’

लढाईवरून आल्यापासून तुमचं हे असंच आहे. ‘जरा मीठ वाढ’ नाही, ‘मीठ कमी हाय’ नाही. पहिला घास तोंडात गेला की पलटणीत हुकूम सोडल्यासारखं ‘मीठोऽ!’ सासूबाई होत्या तोवर त्यांच्या धाकानं मी मिठाचं भांडं पुढं सरकवत आले. त्या गेल्यावर सवयीनं सरकवत आले. पण व्याह्यांपुढं तो हुकूम कानावर आला आणि माझं टाळकं फिरलं. मी बरणी आणली आणि मूठभर मीठ तुमच्या पोळीवर ओतलं. ओतलं, नाही म्हणत नाही.

त्यावर तुम्ही विहीणबाईंकडं बघून काय म्हणालात तेही लिहिते. ‘हिला सातारच्या स्टँडवर सोडली तर घर सापडायचं न्हाई, आन् ही आमास्नी जेवाय शिकीवती.’ सगळे हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले, आणि हसता हसताच ठरवलं की दादा आला की त्याच्याबरोबर निघायचं.

आता ऐका. दादा मुजफ्फरपूरला त्याच्या गलाईच्या दुकानावर परत चाललाय. जन्मभर दुसऱ्यांचं सोनं आटवून कंटाळलो म्हणतो. या खेपेला तो लीलावहिनींना आणि त्यांच्या लेकीला, कुंदाला, तिकडून काठमांडूला नेणार आहे, आणि मलाही चल म्हणाला. काठमांडू म्हणजे परदेश. पासपोर्ट लागत नाही म्हणे, पण राजा वेगळा आणि नोटा वेगळ्या, म्हणजे परदेशच. तुम्ही मिसर पाहिलंत, इटली पाहिलीत. सातारच्या स्टँडवर हरवणारी बाई आता परदेशी चालली आहे.

परत आल्यावर मी साताऱ्याला उतरेन की विट्यालाच राहीन, ते ठरलेलं नाही. दादा म्हणतो, ‘अंबू, हितंच ऱ्हा की. माडीवरची खोली रिकामीच हाय.’ वहिनीही मनापासून म्हणतात. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

परदेशाहून माणसं घरच्यांसाठी काही ना काही आणतात. तुमच्यासाठी मी मीठ आणणार आहे. परदेशी.

अंबूबाई


काठमांडू, ९ नोव्हेंबर १९७३

सुभेदारसाहेबांस,

आले हो परदेशात.

तुम्ही इटलीतून पत्रं पाठवायचात ती माझ्या ट्रंकेत अजून आहेत. सगळी एकसारखी. ‘मी खुशाल आहे. तू खुशाल अस. पाऊस बरा झाला असेल.’ सरकार पत्रं वाचायचं, म्हणून काही लिहिता येत नव्हतं, असं तुम्ही म्हणायचात. बरं, घरी आल्यावर तर सरकार नव्हतं? तिथं बाजार कसा होता, बायका काय नेसायच्या, चुलीला लाकूड कसलं, विचारून विचारून मी थकले. तुम्ही म्हणालात, ‘हुतं आपलं.’ म्हणून आता मी तुम्हाला दाखवते, परदेशातून पत्र कसं लिहितात ते.

रक्सौलला रेल्वे संपते. तिथून टांग्यात बसलो आणि मधे एक कमान लागली. टांगेवाला म्हणाला, इंडिया खतम. मी मागं वळून बघितलं, पुढं बघितलं. चिखल दोन्हीकडं सारखाच होता. मग बस. बस डोंगर चढायला लागली ती दिवसभर चढतच राहिली. यवतेश्वरचा घाट मला आजवर मोठा वाटायचा. दादानं निम्म्या वाटेवर खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते आत घेतलं नाही, आणि वहिनी डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होत्या. मी मात्र टक्क जागी. माथ्यावर गाडी थांबली आणि समोर बर्फाचे डोंगर. कुंदानं हात धरून दाखवलं तोवर मी त्यांना ढग समजत होते. इटलीतला बर्फ तुम्ही पाहिलात, पण मला एवढंच सांगितलंत की पांढरा असतो. तो पांढरा नसतो हो. उन्हं कलली तेव्हा तो पिकल्या पेरूच्या आतल्या रंगाचा झाला होता.

आम्ही एका घरात वरच्या खोल्या घेतल्यात. घरमालकीण कान्छीमाया, माझ्याहून लहान, हसरी आहे. तिचे म्हातारे सासरे दिवसभर उन्हात बसलेले असतात. या गावात चूल सगळ्यात वरच्या मजल्यावर, कौलांखाली असते. मी विचारलं का, तर ती हसली, म्हणजे तिलाही ठाऊक नसावं. पाणी खालून वर न्यायचं आणि खरकटं वरून खाली आणायचं. आपल्याकडच्या बायका असं घर बांधणाऱ्याला पळवून लावतील.

न्यू रोड म्हणून मोठा रस्ता आहे. तिथं जगातल्या सगळ्या वस्तू. जपानचे ट्रान्झिस्टर, चीनची पेनं, थर्मास, घडी घालून पिशवीत बसणारी छत्री, आणि नायलॉनच्या साड्यांचे ढीग. वहिनींचं भान हरपलं आहे. एका दुकानात मी ती घडीची छत्री मागितली. दुकानदार म्हणाला, ‘छैन.’ वहिनी गलाईवाल्याची बायको. त्यांनी कान टवकारले, ‘चेन? बघू की. किती तोळ्याची हाय?’ तो पुन्हा म्हणाला, ‘छैन, छैन!’ वहिनी मला म्हणतात, ‘दोन दोन हायत्या म्हनं, पन मेला दाखवंना की.’ शेवटी कुंदानं उलगडा केला. छ म्हणजे आहे. छैन म्हणजे नाही. तेव्हापासून आम्ही तिघी दिवसभर छ आणि छैन करतो.

आणखी एक गंमत. इथं दुकानदार दादाला ‘दाजु’ म्हणतात. पहिल्या दिवशी तो खवळलाच, ‘ह्याची भन कवा केली रं मी?’ दाजु म्हणजे थोरला भाऊ. एका डोंगरापलीकडं गेलं की बहिणीचा नवरा भाऊ होतो. शब्दांचं काही खरं नसतं.

तुमच्यासाठी मीठ घ्यायला आज गेले होते. वाण्याच्या दुकानात ‘मीठ छ?’ म्हटलं. त्यानं आनंदानं मान हलवली, ‘मीठो? छ, छ!’ आणि पुढं केल्या लेमनच्या गोळ्या. मी म्हटलं हे नव्हे, मीठ. त्यानं पेढ्यासारखं काही तरी काढलं. मी बोटं चोळून चिमूट दाखवली तर साखर आणली. मोठा चांगला माणूस, पण मीठ काही त्याच्याकडून सुटलं नाही. उद्या दुसरीकडं बघते. सोडणार नाही.

अंबूबाई

ता. क. जावयासाठी इथली एक टोपी घेतली आहे. रंगीत ठिपक्यांची असते, एका बाजूला जरा कललेली. तुमच्यासाठी नाही.


काठमांडू, ११ नोव्हेंबर १९७३

सुभेदारसाहेबांस,

पाय दुखताहेत, पण आज इतकं बघितलं की लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही. आपलं चैन, इथलं नव्हे.

सकाळी पशुपतीला गेलो. सोन्याचं छप्पर. दादा देवाकडं नंतर बघत होता, आधी छप्पर किती कसाचं असेल ते बघत होता. तिथले मुख्य पुजारी म्हणे कर्नाटकातून येतात. मिरजेच्या पलीकडचा माणूस इतक्या थंडीत येऊन उघड्या अंगानं पूजा करतो, मला त्याचंच अप्रूप वाटलं. त्याच्याशी बोलायची फार इच्छा होती, पण गर्दीनं पुढं ढकललं.

मग एका टेकडीवर बुद्धाचं देऊळ. वर चारी बाजूंना मोठे मोठे डोळे काढलेले आणि नाकाच्या जागी आपला एकाचा आकडा. पोरांना शिकवताना आपण काढतो तोच. तिथल्या माकडांनी वहिनींच्या हातातली केळी नेली, वर पिशवीही नेली. खाली एका तळ्यात विष्णू निजलेला आहे, खरोखरीच्या पाण्यात, उशाला नाग. जेवून ताणून दिलेल्या माणसाचा चेहरा. मला कोणाची तरी आठवण झाली.

गोऱ्या पोरापोरींचा एक मोहल्लाच आहे. केस वाढवलेले, अनवाणी. एका गोरीनं नाकात चमकी घातली होती, तीही उजव्या बाजूला. मी तिला खुणेनं सांगितलं, डावीकडं घाल. तिनं माझ्या नथीकडं बघून हात जोडले. इतक्या लांबून, विमानानं, ही मुलं अनवाणी चालायला येतात. का येत असतील? उलट आपल्याकडचे लोक बूट घालायला लांब जातात. त्या पोरीला आईला पत्र लिहितेस का असं विचारायचं होतं, पण भाषा येत नव्हती.

आता खाण्याचं. इथले पोहे कोरडेच खातात, फोडणी नाही, भिजवणं नाही. मी कान्छीमायाला कांदा-मोहरी घालून करून दाखवले, तर तिच्या सासऱ्यांनी दोनदा मागून घेतले. तिनं मला तांदळाच्या पिठाचं मोठं कडं तळून दिलं, कडबोळ्याची थोरली बहीण. भक्तपूर म्हणून जवळ गाव आहे, तिथलं मातीच्या गाडग्यातलं दही सुरीनं कापता येतं. आपल्या म्हशीनं मनावर घेतलं तर आपल्याकडंही तसं होईल. रस्त्यात वाफवलेल्या करंज्या मिळतात. दादानं एक तोंडात टाकली, लय भारी म्हणाला, आणि मग आत कशाचं मटण आहे ते विचारलं. म्हशीचं. माझ्या डोळ्यापुढं आपली म्हैस उभी राहिली, कानासकट. मी माझी करंजी गुपचूप कुत्र्याला घातली.

एक गोष्ट मात्र मला बोचते आहे. या लोकांना मिठाचा भारी नाद. कान्छीमाया प्रत्येक जेवणाला, पहिला घास घेतला रे घेतला की समोर येऊन विचारते, ‘मीठो छ?’ मीठ आहे का! मी म्हणते, ‘छ, छ.’ ती खूश होते आणि आणखी वाढते. इतक्या लांब आले तरी तो शब्द काही माझी पाठ सोडत नाही. पण ती विचारते, हुकूम सोडत नाही. चुलीपुढं बसलेल्या बाईनं विचारायचं असतं, हे तिला कळतं. तुम्हाला परदेशात हे कोणी शिकवलं नाही.

विट्याच्या माडीवरच्या खोलीला दोन खिडक्या आहेत. वहिनी म्हणत होत्या, एक देवळाकडं उघडते.

अंबूबाई


काठमांडू, १३ नोव्हेंबर १९७३

अहो,

आज कुठं बघायला गेले नाही. बाकीचे बाजारात गेलेत. मला डोकं दुखतं म्हणून सांगितलं. दुखत नाही.

काय झालं ते सरळ लिहिते. काल दुपारी कान्छीमायानं डाळ-भात आणि कसलीशी पालेभाजी वाढली. नेहमीसारखं विचारलं, ‘मीठो छ?’ आता भाजीत मीठ खरंच नव्हतं. विसरली असेल, बाईमाणसाच्या हातून होतं. इतके दिवस तिचं खाल्लं, तर घरच्यासारखं खरं सांगावं म्हणून मी म्हटलं, ‘मीठो छैन.’ वर जरा ऐटीतच म्हटलं, त्यांच्या भाषेत पुरं वाक्य जमलं म्हणून.

त्या बाईचा चेहरा असा उतरला की काय सांगू. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. माझ्या पुढची भाजीची वाटी उचलली आणि तोंड फिरवून चुलीकडं बसली. मी घाबरले. मिठाचं सांगितलं तर एवढं रडायचं काय? आणि मग पाडव्याच्या दिवशीची मी माझी मला दिसले, हातात बरणी घेतलेली.

तेवढ्यात कोपऱ्यातून तिचे सासरे खो खो हसायला लागले. ते गोरखा पलटणीतले पेन्शनर आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मिलिटरी हिंदीत म्हणाले, ‘बहिनी, नमक नहीं है बोलना है? नमक को हम नून बोलता. नून! मीठो माने स्वादवाला. बढिया. तुम बोला, खाना बढिया नहीं है.’

मी हातातला घास ताटात ठेवला. पुन्हा विचारलं, मीठो म्हणजे? ते म्हणाले, ‘अच्छा लगा, ऐसा. खाने में मजा आया, ऐसा.’ मी त्यांना सांगितलं, माझे मालक मराठा पलटणीत होते, इटलीत. तर म्हातारा ताठ बसला. ‘मराठा? मराठा हमारे बाजू में था! उनका राशन पीछे रह जाता तो हमारा दाल-भात खाता था. खाके वो भी बोलता था, मीठो! मीठो!’ आणि त्यांनी मान मागं टाकून, डोळे किलकिले करून ते म्हणून दाखवलं. अगदी तुमच्यासारखं. शेवटचा ओ लांबवून.

तुम्हाला ते ओळखत नव्हते. नाव सांगायला मी कुंदाला पुढं केलं, पण पलटणी मोठ्या असतात, त्यांना आठवलं नाही. आठवायची गरजही नव्हती. मी हात धुवायला उठले ती किती तरी वेळ हातच धूत बसले.

मग कान्छीमायाला जवळ बसवलं. तिला म्हटलं, नून छैन, पण मीठो छ. खूप मीठो छ. ती हसली. माझ्या घरातलं मात्र एवढ्यात मिटत नाही.

तुम्ही लढाईवरून आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. अंगणात बायकांची गर्दी, सासूबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मी झुणका केला होता. तुम्ही पहिला घास घेतला आणि खाली मान घालून म्हणालात, ‘मीठोऽ.’ सासूबाई ओरडल्या, ‘आगं, मीठ वाढ की! त्यो मागतोय न्हवं?’ मी भांडं सरकवलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं, चिमूटभर मीठ घेतलं, झुणक्यावर टाकलं आणि तसाच खाल्लात. त्या दिवसापासून सासूबाई माझं प्रत्येक कालवण आधी चाखून बघायच्या आणि गावभर सांगायच्या, आमच्या सुनंच्या हाताला मीठ म्हाईत न्हाई. मी मीठ वाढवत गेले. तरी तुमचं ‘मीठो’ थांबलं नाही. डॉक्टरांनी कमी करायला लावलं तरी थांबलं नाही. आता वाटतं, तुमचं ब्लडप्रेशर माझ्यामुळंच वाढलं की काय!

पण तुम्ही सांगून का टाकलं नाहीत? सकाळपासून हेच डोक्यात आहे. आणि उत्तर मलाच सुचतंय. आपल्या घरात बाप्या माणसानं आईदेखत बायकोच्या हातचं चांगलं झालं म्हणायची सोय होती का? मामंजींनी एकदा सासूबाईंच्या वड्यांना बरं म्हटलं होतं, तर त्यांची बहीण, तुमच्या आत्याबाई, आठवडाभर जेवल्या नव्हत्या म्हणे. तुम्ही विचार केला असेल, घरात कोणाला कळणार नाही असा शब्द वापरावा. आईला कळायचा नाही, आणि बायकोला कधी तरी कळेल. बरोबर? आणि अख्ख्या दुनियेच्या भाषेतून नेमका हाच शब्द सापडला होय हो तुम्हाला?

की मीच हे सगळं रचते आहे? इथली हवा विरळ असते म्हणतात, माणसाला काहीबाही वाटतं. कदाचित तुम्ही खरंच मीठ मागत होता. कदाचित गोरख्यांचा शब्द तुम्ही लढाईवरच विसरून आलात. म्हाताऱ्याला हे ठाऊक नाही आणि दादालाही नाही. तुमच्याशिवाय मला हे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून आता विचारते, नुसतं एकदाच. इतकी वर्षं तुम्ही काय म्हणत होता?

उत्तर विट्याच्या पत्त्यावर पाठवा. मीठच मागत होता असं असेल तर तसं लिहा. मी माडीवरची खोली झाडून घेते आणि तिथं सुखानं राहते, राग धरणार नाही. दुसरं काही असेल तर तेही लिहा. नुसतं ‘मी खुशाल आहे’ लिहिलंत तर पाकीट परत पाठवीन, सांगून ठेवते.

अंबू


विटा, २१ नोव्हेंबर १९७३

अहो,

पोहोचून तीन दिवस झाले, दादाही आम्हाला सोडायला आलाय. तुमचं पत्र आलेलं नाही. पोस्टमन केरबा ओळखीचा झाला आहे. लांबूनच हात हलवून ‘छैन’ म्हणतो, त्याला मीच शिकवलं.

रक्सौलला कस्टमवाल्यांनी सामान उचकलं. वहिनींनी तीन नायलॉनच्या साड्या एकावर एक नेसल्या होत्या, त्यामुळं त्या टांग्यातून उतरू शकल्या नाहीत. साहेबानं विचारलं, ‘माताजी बीमार है?’ दादा म्हणाला, ‘व्हय साहेब, लय बीमार. सूज आलीया.’ साहेबालाही हसू आलं असावं. त्यानं जाऊ दिलं.

माझ्या पिशवीतून निघालं ते असं. घडीची छत्री, शेवटी दुसऱ्या दुकानात मिळाली. लेकीसाठी हिरव्या मण्यांच्या माळा, कान्छीमायानं स्वतः निवडून दिल्या. तिच्या सासऱ्यांनी तुमच्यासाठी दिलेला सॅल्यूट, तो पिशवीत ठेवता आला नाही, पण आणला आहे. आणि ती टोपी. जावयाला पाठवणार होते, पण दादाच्या डोक्यावर घालून बघितली, तर जावयाच्या डोक्याला ती मोठी होईल. तुमच्या मापाची आहे. तशीच मागितली होती.

मीठ आणलं नाही. दुकानात नून छ का म्हणून विचारलं असतं तर आता मिळालं असतं.

इथं सगळे प्रवासाचं विचारतात. शेजारची बनुबाई रोज येऊन बसते, बर्फाचं सांगा म्हणते, माकडांचं सांगा म्हणते. मी सांगते. आता मला कळतं की सांगितल्यानं काही कमी होत नाही. तुम्ही इटलीचं सांगितलं असतं, तिथं गोरख्यांच्या पंगतीला बसलो होतो एवढं जरी बोलला असता, तरी मी विचारलं असतं की ते काय जेवतात, जेवताना काय म्हणतात. मी सगळं विचारते, तुम्हाला माहीत आहे. मग एवढं सगळं झालंच नसतं.

वहिनींनी माडीवरच्या खोलीत माझी वळकटी नेऊन ठेवली आहे. मी अजून सोडलेली नाही. खिडकी खरंच देवळाकडं उघडते, पण उभं राहिलं की नजर स्टँडकडं जाते. कराडची गाडी दिसते, साताऱ्याचीही दिसते.

दादा काल म्हणाला, ‘दाजींचं पत्र न्हाई आलं तर काय करनार हाईस?’ मी म्हटलं, येईल. तो म्हणाला, ‘आन् न्हाई आलं तर?’ मला भीती वाटते. पाडव्याला राग होता, तो बरा होता. रागावून राहता येतं. हे असं वाट बघत राहता येत नाही.

अंबू


सातारा, २४ नोव्हेंबर १९७३

सौ. अंबूस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तू खुशाल अस. तुझी सर्व पत्रे पोचली. पुन्हा पुन्हा वाचली.

म्हैस लाथ मारते.

पलूसहून विहीणबाईंचे पत्र आले. कटाची आमटी कशी केली होती ते विचारतात. मला सांगता आले नाही.

बुधवारी विट्याच्या गाडीने निघ. मी स्टँडवर उभा राहतो. घर तुला सापडेल हे मला ठाऊक आहे. तरी उभा राहतो. टोपी आण.

स्वयंपाक माझा मीच करतो आहे. मीठ बरोबर पडते.

मीठो छैन.

लालासाहेब